मधल्या फळीवरची खाच

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. उघाडी म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल, आणि त्यात तुमची चूक नाही. तुम्ही मीठ पिशवीतून येताना पाहिलं आहे. आमच्या वेळी ते खाडीतून यायचं आणि माझ्या परवानगीने यायचं. मिठागराच्या बांधाला एक खिंड ठेवलेली असते. त्या खिंडीत बसवलेलं लाकडी दार म्हणजे मी. भरती आली की मला वर उचलायचं, हवं तेवढं खारं पाणी आत घ्यायचं आणि मला खाली सोडायचं. पुढचं काम ऊन आणि वारा करायचे. दार म्हटलं तरी मला ना कडी होती ना कुलूप. घरात शिरू पाहणारा चोर एकच, तो म्हणजे समुद्र.

माझा जन्म पनवेलचा. बैलगाड्या बनवणाऱ्या एका सुताराने मला कर्नाळ्याच्या बाजूच्या सागापासून घडवलं. उभ्या फळ्या, आडवे दांडे, लोखंडी पट्ट्या. मधली फळी सगळ्यांत रुंद होती. खाडीकाठच्या ज्या आगरी घराने मला बनवून घेतलं, त्या घरातल्या दीनानाथांनी मला उभा जन्म वागवलं. ते मला 'ती' म्हणत, 'दार' कधी म्हणाले नाहीत. "तिला उचला रं", "तिच्या अंगावर शेवाळ धरलंय, नुसत्या हातानं पुसा" असं त्यांचं चालायचं.

त्यांच्या घरची एक रीत होती. नारळी पुनवेला खाडीला नारळ वाहायचा आणि त्या दिवशी उधाणाचं पाणी माझ्या अंगावर जिथवर चढेल, तिथे मधल्या फळीवर पटाशीने खाच मारायची. पावसानंतर बांध दुरुस्त करायला घेतला की दीनानाथ आधी माझ्यापाशी येत, सगळ्यांत वरची खाच शोधत आणि तिच्या हातभर वर बांध चढवत. घरात लिहिता-वाचता येणारं कोणी नव्हतं. तरी समुद्र कुठल्या साली कुठवर आला होता, ते माझ्या अंगावर बोट फिरवून कळत असे. मला स्वतःला मात्र माझी पाठ कधी दिसली नाही. माणसांची बोटं फिरत, तेवढंच मला कळायचं.

एक खाच इतरांपेक्षा खोल होती. त्या वर्षी उधाण असं आलं की माझ्या बाजूचा बांध ढासळू लागला. दीनानाथ चिखलाची ढेकळं आणायला धावले. धाकटा मुलगा आनंदा चिरनेरला कुणाच्या तरी बारशाला गेला होता. घरात राहिली ती थोरली मुलगी वेणू. ती पाण्यात उतरली, तिने माझ्या अंगाला पाठ लावली, टाचा गाळात रोवल्या आणि माणसं येईपर्यंत ती हलली नाही. तिचा ऊर धपापत होता, तो मला फळ्यांतून कळत होता. पाणी ओसरल्यावर दीनानाथांनी पटाशी घेतली आणि नेहमीपेक्षा जोरात घाव घातला. "ही माज्या बायची खाच," ते म्हणाले. पुढे मीठ न्यायला शिडाचे मचवे यायचे, तेव्हा ते हाकणाऱ्या, पनवेलच्या मोहल्ल्यातल्या तांडेलालाही ते हात धरून आणून ती खाच दाखवत. माझं कौतुक मी पुष्कळ ऐकलं आहे, मित्रांनो, पण खरं सांगते, ते माझं नव्हतंच.

दिवस पालटले. मिठाला कोणी विचारेना. दीनानाथ गेले, वेणू लग्न होऊन आपट्याला गेली आणि खाडीकाठी मातीचे डंपर येऊ लागले. आनंदाने मिठागर भरावासाठी देऊन टाकलं. सगळेच देत होते, त्याने एकट्याने न देऊन काय झालं असतं, असं तो आजही स्वतःला विचारतो आणि उत्तर न ऐकताच उठून जातो. हक्कसोडीच्या सहीसाठी वेणूला बोलावलं, तेव्हा तिने काही मागितलं नाही.

"माजं कायबी नको," ती म्हणाली. "उघाडी तेवढी ठेव, आनंदा. बापाची आठवन हाय."

"बापाची आन, बाय. जीवापाड ठेवीन," आनंदा म्हणाला.

ठेवलं त्याने. ते खोटं नाही. टेम्पोत घालून त्याने मला करंजाड्याला आणलं. तिथे त्याची इमारत उभी राहत होती, आईच्या नावाने, 'गंगाबाई निवास'. दारापुढे गटार होतं. सिमेंटच्या हातगाड्या पलीकडे न्यायला काहीतरी आडवं टाकायला हवं होतं. कोणीतरी मला आडवं टाकलं. इमारत पूर्ण झाली, लोक राहायला आले, तरी मी तिथेच. स्कूटर, सिलेंडर, वरातीतला घोडा, सगळे माझ्यावरून गेले. समुद्राला अडवणारी मी, गटारावर पालथी पडले होते.

एका भाऊबीजेला वेणू रिक्षातून उतरली. आत यायचं तर माझ्यावर पाय द्यायलाच हवा होता. ती थबकली, वाकली आणि तिने मला ओळखलं. मग तिने चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी पायांनी ती माझ्यावरून गेली. भावाला ओवाळलं, पण पानावर बसली नाही. तशीच अनवाणी परत गेली. आनंदाने त्याच दिवशी मला उचलून जिन्याखाली ठेवलं, पण ते वरातीमागून घोडं. त्यानंतर वेणू भाऊबीजेला आली नाही. दर दिवाळीत आनंदा दोनदा तीनदा फाटकापर्यंत जायचा, रस्ता बघायचा आणि परतताना जिन्याखाली बघायचं टाळायचा.

मग मला शोधत रुमाना आली. मीठ नेणाऱ्या त्या तांडेलाची ही पणती. ती पोर्तुगालमध्ये समुद्रकाठच्या एका गावात मिठाच्या संग्रहालयात काम करते. तिने टॉर्च लावून मला जिन्याखाली पाहिलं आणि तिथेच बसकण मारली.

"काका, माशाल्ला! आमच्या घरी हिच्याबद्दल इतकं ऐकलंय," ती म्हणाली. "आम्ही वेगवेगळ्या देशांतल्या मिठागरांच्या उघाड्या एकत्र मांडतोय. व्हिएतनामची आली, इंडियाची हवी होती. माझ्या मॅडम, इनेसबाई, पुढच्या आठवड्यात मुंबईत आहेत. त्यांना घेऊन येते."

आनंदाचे डोळे भरले. तो त्याच संध्याकाळी आपट्याला गेला. आल्यावर बायकोला सांगत होता, ते मी ऐकलं. "बायला बोललो, उघाडीचा मान हाय, तू ये. ती बोलली, येईन. भाकऱ्या मीच थापीन बोलली." इतका आनंद त्याच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता.

आणि इथेच घोटाळा झाला. आमच्या लोकांना पाहुणा येणार म्हटलं की भिंतीला चुना, देवळाला रंग आणि तुळशीवृंदावनाला गेरू हवाच. घाणेरड्या उघाडीपुढे बहिणीला आणि परदेशच्या बाईला उभं कसं करायचं? आनंदाने देवेश सुताराला बोलावलं. देवेशने मशीनचा रंधा आणला, भेगा बुजवायच्या लांबीचा डबा आणला.

"काका, ही मधली फळी पार खाचांनी भरलीय. लांबी भरून पण दिसेल. बदलू का?"

आनंदा तेव्हा फोनवर जेवणासाठी चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, सांगत होता. मोठ्याच हव्यात, भरलेल्या हव्यात. त्याने हातानेच खूण केली. "बदल रं, बदल. चकाचक कर. फॉरेनची पावनी येतायत."

देवेशला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याने मधली फळी काढली, तिचे तुकडे करून मागच्या अंगणात लाकडांवर टाकले आणि माझ्या पोटात नवीकोरी फळी ठोकली. मग आकाशी ऑईल पेंट, पिवळी किनार आणि वरच्या बाजूला सुबक अक्षरांत 'सुस्वागतम्'. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. संध्याकाळी मला मागच्या अंगणाच्या तोंडाशी उभं करून आनंदा माझ्यापुढे उभा राहिला आणि हसला. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी वेणू सकाळीच आली. आता ती चांगलीच वाकली आहे. माझ्याकडे तिने एक नजर टाकली, पण निळ्या रंगात तिने मला ओळखलंच नाही. लग्नाच्या मांडवातलं काही असावं, असं तिला वाटलं असेल. ती थेट मागच्या अंगणात गेली. पावण्यांना चुलीवरची चव हवी म्हणून तिथे चूल मांडली होती. तिने परातीत तांदळाचं पीठ घेतलं आणि चुलीत लाकडं सारली. पीठ मळेपर्यंत चूल चांगलीच धगधगली होती.

लाकूड तडतडलं. ठिणग्या उडाल्या. पुन्हा तडतडलं, जसं तव्यावर मीठ टाकल्यावर तडतडतं. वेणूचे हात पिठातच थांबले.

"आनंदा," तिने हाक मारली. "हे लाकूड कुठलं रं?"

"असंल काहीतरी. सुतारानं टाकलंय."

"मिठागराचं हाय हे. वास घे."

आनंदा चुलीपाशी आला. त्याने वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, माझ्या नव्या मधल्या फळीकडे. त्याचं तोंड एकदम उतरलं. त्याने जळत्या चुलीत हात घातला. एक तुकडा ओढला, टाकला, दुसरा ओढला. बायको किंचाळली, पण तो थांबेना. बाकीचे तुकडे निखारे झाले होते. एक तेवढा अर्धा वाचला होता. त्याने तो जमिनीवर आपटून विझवला आणि भाजलेल्या बोटांनी राख पुसली.

तुकड्यावर अर्धी खाच होती. खोल. तिचं दुसरं टोक जळून गेलं होतं.

वेणूने ती ओळखली. तिने बोट त्या खाचेत घातलं आणि तसंच ठेवलं.

"मीच सारलं चुलीत," ती म्हणाली. "माज्या हातानं."

"तू नाय, बाय. मी," आनंदा म्हणाला आणि जमिनीवरच बसला. "सुतारानं विचारलंवतं मला. मी फोनवर व्हतो. बदल बोललो. आन घातलीवती मी तुला बापाची." इमारतीतली माणसं खिडक्यांत जमली होती, पण त्याला त्यांची शुद्ध नव्हती. तो लहान मुलासारखा रडला. वेणूने त्याच्या हाताला तेल लावलं. पण त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

रुमाना आणि इनेसबाई आल्या तेव्हा भाकऱ्या झाल्या नव्हत्या. आनंदानेच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. रुमाना एकेक वाक्य त्या बाईंना समजावत होती. इनेसबाई माझ्या निळ्या अंगाकडे पाहत राहिल्या. मग हळू आवाजात बोलल्या.

"त्या म्हणतायत," रुमाना म्हणाली, "की त्यांच्या गावात मिठागरं बंद पडली, तेव्हा लोकांनी सगळ्या उघाड्या थंडीत जाळल्या. त्यांच्या वडिलांनीपण. आता म्युझियममध्ये आहे ती फोटो बघून नवीन केलेली. शाळेची मुलं विचारतात, ही कोणी बनवली? तर त्या समोरच्या घरातल्या सुताराकडे बोट दाखवतात. व्हिएतनामवाल्यांनी तेवढी त्यांची तशीच पाठवली, शिंपल्यांसकट." तिने जळक्या तुकड्याकडे पाहिलं. "त्या विचारतायत, हा तुकडा त्यांनी पाहिला तर चालेल का?"

वेणूने तुकडा दिला. इनेसबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला, वेणूसारखंच बोट खाचेत घातलं आणि बऱ्याच वेळाने परत दिला. त्यांचेही डोळे ओले होते. जळालेल्या लाकडापुढे कुठल्याही देशाची बाई सारखीच दिसते, हे मला तेव्हा कळलं.

"बाय, तू घेऊन जा ही खाच आपट्याला," आनंदा म्हणाला. "माज्याकडं नको. माजी लायकी नाय."

"मी न्हेऊन काय करू? उघाडीची हाय, तिलाच लाव," वेणू म्हणाली. ती उठली, माझ्यापाशी आली आणि इतक्या वर्षांनी तिने पुन्हा माझ्या अंगाला पाठ लावली. "इथवर पानी आलंवतं मला. खांद्याखाली. आता मी वाकलेय, जरा वर धर."

आनंदाने तुकडा जरा वर धरला. बरोबर तीच जागा होती का, ते कोणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.

जाताना तो तिला रिक्षापर्यंत पोचवायला गेला. "भाऊबीजेला येशील ना, बाय?" त्याने विचारलं.

"आधी त्यो रंग काढ," ती म्हणाली. "तुज्या हातानं. मंग बघू."

त्याला आता बरेच दिवस झाले. आनंदा रोज सकाळी पाट घेऊन माझ्यासमोर बसतो आणि काचेच्या तुकड्याने रंग खरवडतो. देवेशने मशीन आणतो म्हटलं, तर त्याने हात जोडले. मधल्या नव्या फळीत खोबण करून तो जळका तुकडा बसवला आहे. खरवडता खरवडता आनंदाचा हात तिथे आला की थांबतो, आणि तो खाली बघतो. 'सुस्वागतम्'मधला 'सु' अजून गेलेला नाही. सगळा रंग गेला की मी पोर्तुगालला जाणार आहे, जळक्या तुकड्यासकट. रुमाना म्हणते, थांबू आम्ही. दिवाळी जवळ आली आहे. वेणू येईल की नाही, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात जिन्याखाली, माळ्यावर माझ्यासारखं कोणीतरी पडलेलं असेल. कधीतरी तुम्हाला त्याची लाज वाटेल, मग दया येईल, आणि मग त्याला नवं करायची घाई होईल. तेवढी घाई करू नका. आमच्या अंगावर जे लिहिलेलं असतं, ते आम्हाला वाचता येत नाही. ते वाचणारं कोणीतरी कुठल्यातरी आपट्याला असतं, म्हातारं झालेलं, रुसलेलं. आधी त्याला बोलवा. आणि चूल पेटायच्या आधी बोलवा.