कालवडीच्या पायातला काळा दोरा

मी काळा दोरा बोलतोय. शेळीच्या केसांचा. शिरूरकडच्या तात्याबा धनगरानं मला चातीवर कातलं आणि तीन पदरी पीळ दिला. दोघांनी ओढलं तरी मी तुटत नसे. त्याचा मला अभिमान होता.

शहात्तर साली यवतजवळच्या एका वस्तीवर मल्हारीच्या गाईला संकरित कालवड झाली. वस्तीतली तशी ती पहिलीच. बघायला रीघ लागली. मल्हारीची बायको पुतळाबाई धास्तावली. आधीची दोन वासरं दगावली होती. पाचव्या दिवशी तिनं मला कालवडीच्या मागच्या पायात, खुराच्या वर बांधलं. सात गाठी मारल्या. असा दोरा आपण होऊन गळेपर्यंत तोडायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत.

मी दृष्ट राखत बसलो. कालवड वाढत होती. मी वाढणारा नव्हतो.

दोन महिन्यांत मी कातड्यात रुतलो. पुढं मांस माझ्यावरून आलं आणि मी दिसेनासा झालो. पाय सुजला. माश्या बसू लागल्या. कालवड तीन पायांवर उभी राही. आपण राखत नाही, कापतो आहोत, हे मला कळत होतं. पण मला माझी गाठ सोडता येत नाही.

"दिष्टच लागली," पुतळाबाई म्हणाली. तिनं हळद-तेल भरलं आणि दुसऱ्या पायात आणखी एक दोरा बांधला.

"आता शेपटीलाबी बांध," मल्हारी म्हणाला. "म्हंजी काय ऱ्हायला नको."

"तुमी गप ऱ्हावा. तुमच्या तोंडानंच लागली आसंल."

जखमेत अळ्या पडल्या, तेव्हा दोघांनी कालवड बैलगाडीत घालून जनावरांच्या दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी अळ्या काढल्या, जखम धुतली आणि चिमट्यानं चाचपलं.

"मावशी, आत दोरा आहे. आज काढला नाही तर खूर गळून पडेल."

"तोडू नका सायेब. दिष्टीला उघडी पडंल ती."

"दृष्ट बाहेरून लागते, मावशी. हिला आतून लागलीय."

पुतळाबाई कालवडीच्या पायाशी बसली. मग तिनं हात पुढं केला. "म्या बांधला. मीच तोडते. द्या हिकडं."

डॉक्टरांनी मला चिमट्यानं वर उचललं. तिनं कात्री घातली. पहिल्यांदा मी तुटलो नाही. दुसऱ्यांदा तुटलो. दुसऱ्या पायातला दोरा तिनं कुणी न सांगता कापला.

पुढं ती रोज मिठाचं कोमट पाणी करून जखम धुवायची, कोरडी करून मलम लावायची, माशी बसू द्यायची नाही. तेराव्या दिवशी कालवडीनं पाय टेकला, असं तिनंच दवाखान्यात येऊन सांगितलं. लंगडत मात्र होती अजून.

मी दवाखान्याच्या फळीवर बाटलीत आहे. लोक बघून हसतात. एवढ्याशा दोऱ्यानं काय होतंय, म्हणतात.

वाढत्या वासराच्या पायात काही बांधू नका. बांधलं असेल तर आजच बोट घालून बघा. बोट शिरत नसेल तर कात्री घ्या. माझ्या जातीचा एखादा तुटला, तर मला त्याचं दुःख नाही.