जाऊबाईंचा हात आणि कोरी लेबलं

“हात धुऊन या म्हणे! अठ्ठावीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय, आता हा कॉम्प्युटरवाला मला हात धुवायला शिकवतो,” माझ्या थोरल्या जाऊबाई कानाशी पुटपुटल्या.

आम्ही दोघी काम करतो ती अख्खी लॅब प्रिंटरभोवती गोळा झाली होती. रविवारी कॉम्प्युटरवाल्याने जुनं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, काढून नवं घातलं, तेव्हापासून जाऊबाईंनी बटण दाबलं की लेबल कोरं. दुसऱ्या कुणीही दाबलं की नावासकट छान. बिनलेबलाच्या नळ्यांनी ट्रे भरत चाललेला, बाहेर पेशंटांची चुळबुळ.

कॉम्प्युटरवाल्याला आम्ही बुवाच म्हणायचो. त्याने जाऊबाईंना चार पावलं मागे सरकवलं, प्रिंटरवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मग स्वतःच्या नावाने लॉगिन करून बटण दाबलं. खर्रकन लेबल!

“यंत्राला हात कळतो. काही हातांची ऊर्जा उलटी असते.”

“असेल बाई,” रिसेप्शनवाली.

लॅबच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. “उद्यापासून तुम्ही बाटल्या धुवायला बसा. नमुने नकोत.”

जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला राहवेना.

“जाऊबाई, माझ्या नावाने लॉगिन करा. बटण तुम्हीच दाबा.”

लेबल आलं. नावासकट.

“आता बुवा, तुम्ही यांच्या नावाने.”

“कशाला उगाच...”

“दाबा हो! तुमची ऊर्जा सुलटी ना?”

कोरं.

मग मी जाऊबाईंच्या फोल्डरमधल्या, त्यांच्या सेटिंग जपणाऱ्या लपलेल्या फायली उघडल्या. पहिला प्रिंटर आला तेव्हा त्यांनीच पट्टीने मोजून लेबलाचं माप भरलं होतं: दोन बाय एक. इंचात. नवा प्रोग्रॅम मिलिमीटर धरतो. दोन मिलिमीटरच्या चौकटीत नाव मावणार कसं? बाकी कुणी कधी माप भरलंच नव्हतं, त्यांना प्रोग्रॅम आपलंच ठरलेलं माप लावायचा, म्हणून त्यांचं सुरळीत. नवं घालताना जुन्या फायली नव्या मापात आणायच्या असतात. बुवाने डोळे मिटले, ते तिथेही.

जुन्या फायलीची प्रत ठेवून मी पन्नास बाय पंचवीस केलं. जाऊबाईंनी त्यांच्याच नावाने, त्यांच्याच हाताने बटण दाबलं. लेबल आलं.

“मी तेच बघणार होतो,” बुवा म्हणाला.

“मग हात बदलून, नाव बदलून बघायचं होतं. एवढं केलं की दोष कुठे आहे ते कळतं. माणसाला बाजूला काढून काय कळतं?”

“बरं, चला, कामाला लागा,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. “कुठल्या कामाला?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “मला यातलं काही कळत नाही, बाई. तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून तुमच्या हाताला नावं ठेवली.”