लवकर गोइंग

“गो म्हण, रुपाली! कम नाही, गो!” स्नेहल मॅडमनी पुन्हा टेबलावर हात आपटला.

पुणतांब्यात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मॅडमचा इंग्रजीचा क्लास चालायचा. खाली गिरणी, वर मॅडम, आणि आवाज दोघींचाही सारखाच. पोरं लाईट ‘ओपन’ करायची, गोळ्या ‘ईट’ करायची, परीक्षा ‘गिव्ह’ करायची. मॅडम एकेक क्रियापद धरून सरळ करायच्या. चुकीचं क्रियापद माझ्या जिन्यावरून खाली उतरणार नाही, असा त्यांचा तोरा होता आणि तो त्यांना शोभायचाही.

रुपालीचं सगळं सुधारलं, एकच अडलं. ती नगरच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि आयर्लंडच्या नोकरीसाठी तिला तोंडी परीक्षा द्यायची होती. पेशंटशी बोलायचं आणि त्याचा निरोप घेऊन खोलीतून निघायचं, एवढाच प्रसंग. निघताना ती हटकून म्हणायची, “आय ॲम कमिंग.”

“मॅडम, जाते कसं म्हनू? आई म्हनती, लई वंगाळ असतं. त्यात पेशंटसमोर!”

“अगं, येते म्हणून निघून गेलीस, तर तो बिचारा दाराकडे बघत बसेल.”

हे मात्र रुपालीला पटलं. परीक्षेत ती बरोबर बोलली आणि पास झाली. मॅडमनी गिरणीवाल्यालासुद्धा पेढा दिला.

निघायच्या दिवशी गाडीभोवती अर्धी आळी जमली. रुपालीची आई, चांगुणाबाई, नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे उभी होती. डोळे भरलेले, पण मान ताठ.

“रुपे, इंग्लिशमधी बोल की गं. ऐकू दे समद्यांना.”

रुपालीने एकदा मॅडमकडे पाहिलं. मग खणखणीत आवाजात म्हणाली, “आई, आय ॲम गोइंग!”

कुठेही चूक नव्हती. मॅडमचा ऊर अभिमानाने भरून आला.

“काय म्हनली वो, मॅडम?” चांगुणाबाईंनी विचारलं.

सगळी आळी मॅडमकडे बघू लागली. आजवर मॅडमनी कुणाला शब्दाचा चुकीचा अर्थ सांगितला नव्हता.

“येते म्हणाली,” मॅडम म्हणाल्या.

“बगा! म्हंजी तितं बी येतेच म्हनत्यात!” चांगुणाबाईंचा चेहरा उजळला. गाडी हलली तशा त्या मागे धावल्या आणि हात उंच करून ओरडल्या, “गोइंग गं, रुपे! लवकर गोइंग!”

गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या ओरडत होत्या. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही.