मास्तरचं स्टूल

उन्मेषने वडिलांच्या खांद्यावरून वाकून संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला आणि तो मटकन खाटेवर बसला. वर्ष दुसरं. सकाळपासून खेळ चालू होता आणि शहर अजून दुसऱ्याच वर्षात अडकलेलं.

"बाबा, काय सांगितलं होतं तुम्हाले? दहा वर्षं पुढं न्या म्हटलं होतं ना?"

"नेऊनच राहिलो ना गा," मनोहरराव चष्मा सावरत म्हणाले. "पण शाळेचा पट पडून राहिला."

नंदनवन वस्तीतल्या त्या खोलीत कूलर घरघरत होता. मे महिन्यात त्याचा उपयोग आवाजापुरताच. उन्मेष पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करी. प्राचीन रोमन शहर वसवायचा खेळ होता. रस्ते, कालवे, बाजार दुसऱ्यांनी केले आणि शिक्षण याच्या गळ्यात पडलं. असल्या खेळांत शाळेची इमारत ठेवली की आसपासची पोरं आपोआप शहाणी होतात. उन्मेषला ते पटेना. त्याने वाचून वाचून डोळ्यांची वाट लावून घेतली आणि खरीखुरी शाळा उभी केली: बाजाराच्या पडवीत टांगलेला पडदा, मेणाच्या पाट्या, स्टुलावर बसलेला मास्तर. सरकारी पगार नाही, आईबाप देतील त्यावर मास्तरने जगायचं. सुगी आली, कुंभाराला हात कमी पडले, की पोरं गळणार. फारच गळली की मास्तर आपलं स्टूल उचलून शहर सोडणार.

कंपनीतल्या त्याच्या वरिष्ठाला, रजतला, हा सगळा नसता उपद्व्याप वाटे. आज दुपारी चारला त्याला दहा वर्षं चाललेलं शहर दाखवायचं होतं. आवडलं तर ठीक, नाहीतर उन्मेषची वर्षभराची मेहनत काढून तिथे एक इमारत ठेवली जाणार होती. शेवटच्या चुका दुरुस्त करण्यात तो बुडालेला, म्हणून शहर चालवायचं काम त्याने बाबांवर सोपवलं. निवृत्त माणूस, वेळच वेळ. वेगाचं बटण तेवढं दाबायचं होतं.

मनोहररावांनी मात्र खेळ थांबवून ठेवला होता. थांबवून ते एकेका घरावर टिचकी मारत होते. घर उघडलं की कुटुंब दिसे, कुटुंबात शाळेत न जाणारं पोर दिसे. मग त्या घराजवळ विहीर द्यायची, कुंभाराकडे मोठा माणूस लावायचा, पोर पडवीत पाठवायचं. खेळ जरासा पुढे न्यायचा, की पुन्हा थांबवून पहिल्या घरापासून सुरुवात.

उन्मेषचा राग ओठांपर्यंत येऊन विरला. काटोलकडच्या शाळेत मास्तर होते तेव्हा दर जूनमध्ये बाबा असेच निघायचे, टोपी घालून, दारोदार, पोरगं शाळेत पाठवा म्हणून. तरी पट घसरत गेला, शेवटी शाळाच बंद झाली आणि नोकरीची उरलेली वर्षं बाबांनी परक्या गावात काढली. त्यावर घरात कोणी बोलत नसे.

"उठा बाबा, मी करतो. चार वाजून राहिले."

सवयीने त्याने बाबांचा डाव साठवून ठेवला आणि वेग वाढवला. वर्षं भराभर पळू लागली. पडवीतली गर्दी विरळ झाली. सातव्या वर्षी मास्तर उठला, स्टूल काखेत मारलं आणि वेशीतून बाहेर पडला. मनोहरराव मागे उभे राहून बघत होते.

"कुठं गेला तो?"

"नकाशाच्या बाहेर."

"म्हणजे कोणत्या गावी?"

"गाव नाही बाबा. बाहेर गेला की संपला. पुढं काही लिहिलंच नाही."

मनोहररावांनी मान हलवली आणि ते स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

चारच्या कॉलवर शहर पाहून रजत मात्र भलताच खूश झाला.

"अरे, तो मास्तर स्टूल घेऊन निघतो ना, अंगावर काटा आला! मंजूर. काही बदलू नकोस. जाहिरातीतही हेच घेऊ."

"बरं."

"काय रे, आनंद नाही झाला?"

"झाला ना. थकलोय जरा."

थकला तर तो होताच. पण वर्षभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं आणि आत काही हललंच नाही, याचं त्याला वाईट वाटत होतं.

मनोहररावांनी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला.

"झालं का पास?"

"झालं. मास्तर निघून जातो, तेच आवडलं त्यायले."

"आवडतेच," मनोहरराव म्हणाले. "पाहणाऱ्याले आवडतेच ते."

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणूनच उन्मेषला ते लागलं. चहा निवत होता. त्याने बाबांचा सकाळचा डाव पुन्हा उघडला. पडवीत पडदा लटकत होता, मास्तर स्टुलावर बसला होता, खेळ थांबलेला होता. उन्मेषने शेजारी दुसरी खुर्ची ओढली.

"बसा. कोणत्या घरापर्यंत आले होते तुम्ही?"

"आता काहून? पास झालं ना?"

"पट पडून राहिला ना, बाबा."

मनोहररावांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, ते खुर्चीत बसले आणि त्यांनी माऊस आपल्याकडे ओढून घेतला.

"कुंभाराच्या बाजूचं राहिलं होतं," ते म्हणाले.