कुंकवाखालचा खसरा नंबर

बालाघाटच्या कचेरीसमोर हेमराजचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. त्याच्या हिशेबी गिऱ्हाइकं दोनच प्रकारची, घाईची आणि अडाणी. किरनापूरहून आलेल्या शांताबाई कोणत्याच खात्यात बसेनात.

त्यांच्या कागदांची पीडीएफ झाली अकरा एमबीची. पोर्टल घेतं दोन. आक्षेप घ्यायचा आज शेवटचा दिवस. हुकला तर त्यांचं नाल्याकाठचं वावर दिराच्या नावावर चढणार.

हेमराजनं फाइल काळी-पांढरी करून दाबली. "झालं काकू. चारशे केबी."

शांताबाईंनी चष्मा पुसला. "तिसऱ्या कागदावरचा खसरा नंबर वाच."

जमिनीच्या त्या नंबराच्या जागी काळा डाग होता. त्यांच्या सासूबाई दर दिवाळीला लक्ष्मीसोबत जमिनीचे कागदही पुजायच्या. तीस दिवाळ्यांचं कुंकू नेमकं नंबरावर, आणि रंग काढताच त्याचं डांबर झालेलं.

"कोन वाचते काकू? फाइल चढली का, येवढंच पाहतेत."

"माहा दीर वाचते. त्याले बोट ठेवाले जागा नाही देनार मी. पुन्हा कर."

"मांगं लाइन लागली."

"लागू दे. मी नाही उठून राह्यली."

हेमराजनं रंग परत आणला. लालाखालून नंबर दिसला, पण फाइलही परत अकरावर गेली.

"पानं किती झाले?" शांताबाईंनी विचारलं.

"अठरा."

"माहे कागद त नऊ हायेत."

हेमराजनं मान खाजवली. एकदा एका बाबूनं 'दोन्ही बाजू पाहिजे' म्हणून अर्ज परत केला होता. तेव्हापासून तो कोऱ्या पाठीसुद्धा इमानानं स्कॅन करायचा.

"त्या काढ. अन् रंग तिसऱ्याच कागदाले ठेव. बाकीच्याईले कुंकू नाही, त्याईले रंग काहून?"

"तसं कोनी करत नाही काकू."

"मी करून राह्यली ना."

नऊ पानं. आठ करडी, एक रंगीत. एक पूर्णांक आठ एमबी. लाइनीतले लोक ताटकळत असताना शांताबाईंनी प्रत्येक पान मोठं करून त्याच्याकडून वाचून घेतलं. तिसऱ्यावर तो थांबला नाही.

"एकशे अठरा बटा तीन."

"हौ. आता चढव."

पावती निघाली. हेमराजला राहवलं नाही. "यंदाच्या दिवाळीले तरी कुंकू नका लावू काकू."

"लावीन," शांताबाई पिशवी आवळत म्हणाल्या. "कोऱ्या पाठीले."