माझ्या हातून पडलेला ‘नका’

मी राऊटर बोलतेय. तुमच्या घरी भिंतीला टांगलेला, दोन शिंगांचा पांढरा डबा नव्हे. तो माझ्यापुढे शेंबडं पोर. मी नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका इंटरनेट कंपनीच्या थंडगार खोलीत बसते. इथून हरसूलकडे फोन-सिनेमे जाण्याची वाट एकच, आणि तीही अरुंद. त्या वाटेवर आधी कोणी जायचं, मागून कोणी, हे मी ठरवते.

जन्मतः शहाणं कोणी नसतं. मीही आले तेव्हा मठ्ठच होते. जो आधी आला तो आधी सोडला, एवढीच अक्कल. मला शिकवलं माझी देखभाल करणाऱ्या योगिनीने. तिला तरी कोण शिकवणार होतं? मांडीवर पुस्तक, शेजारी जेवणाचा डबा, अशा चुकतमाकत आम्ही दोघी शिकलो. ती म्हणायची, “हापशावर लेकुरवाळीला बायका पुढे सोडतात ना, तसं कर.” म्हणजे फोनवरचं बोलणं आधी, सिनेमा मागून. सिनेमाचा तुकडा सांडला तर पुन्हा मागवता येतो. बोलण्यातला शब्द पडला की पडला.

पण बायका कडेवरचं लेकरू बघतात. मला दिसते फक्त प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर लावलेली चिठ्ठी, ‘बोलणं’ की ‘सिनेमा’. शिवाय पुढच्या रांगेलाही माप असतं. त्या मापाबाहेर जे येईल ते मी टाकून देते. तसा हुकूमच आहे.

पुढे त्याच वाटेवरच्या, डोंगरातल्या एका रिसॉर्टने बोंब मारली, पाहुण्यांचे सिनेमे अडकतात म्हणून. गोविंदसाहेब योगिनीला म्हणाले, “त्यांच्या सिनेमांना बोलण्याची चिठ्ठी लाव.”

“सर, सगळ्याच लेकुरवाळ्या झाल्या तर हापशावर मारामारी होईल.”

“मला हापसा शिकवू नकोस. दोन दिवसांचं काम आहे. मोठं गिऱ्हाईक आहे ते.”

तिने लावली. दोन दिवसांचे दोन महिने झाले. ती काढायला विसरली, साहेबांनी आठवण केली नाही.

एका रविवारी दुपारी रिसॉर्ट भरलेलं होतं. हरसूलकडच्या एका दवाखान्यात मैना बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. कुसाबाई नर्सने नाशिकच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “थांबू नका, निघा.” माझी पुढची रांग सिनेमांनी तुडुंब भरलेली. मापाबाहेरचं मी टाकलं. पलीकडे पोचलं नुसतं “थांबू”, आणि फोन मुका झाला.

थांबू! म्हणजे वाट बघू. दारात गाडी चालू करून बसलेल्या भिकनला कुसाबाईने थांबायचा हात केला. त्याने चावी काढली. ती पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. पाऊण तासाने लागला, तोवर मैना गेली होती. खरी लेकुरवाळी मागेच राहिली.

हे मला कळलं ते कुसाबाई या खोलीत येऊन उभी राहिली तेव्हा. चौकशीत लिहिलं होतं, ‘नर्सच्या ऐकण्यात चूक.’

“मी बहिरी नाय, ताई,” ती योगिनीला म्हणाली. “थांबू, एवढंच आलं. मैनाची सासू माझ्या तोंडाकडं बघत नाय आता. तुमच्या या पेटीत काय लिवलेलं आसंल तर बघा.”

लिहिलेलं आहे ना! त्या दुपारी पुढच्या रांगेतून किती तुकडे टाकले, तो आकडा माझ्यापाशी आहे. रिसॉर्टला ती चिठ्ठी कोणी लावली, तेही आहे. तिथे योगिनीचं नाव आहे. साहेबांचं नाही, तोंडी हुकूम माझ्यात उमटत नाहीत.

काल साहेब सांगून गेले, “उद्या नवी पेटी बसेल. जुनीतलं सगळं पुसून टाक.”

आता योगिनी माझ्यासमोर बसली आहे. आकडा उतरवून घेतला तर कुसाबाई सुटेल आणि ही अडकेल. पुसला तर मैना कुसाबाईच्या चुकीने मेली, हेच कायमचं खरं ठरेल. पोरीची बोटं हलत नाहीत.

माझं काय, मी भंगारात जाईन. हुकमाची ताबेदार होते म्हणून हात झटकणार नाही. तो ‘नका’ टाकला मीच. पण योगिनी, तू चिठ्ठी बघणारी नाहीस, तुला लेकरू दिसतं. त्या दिवशी अर्धाच पोचलेला शब्द आज तुला पुरा सांगते.

थांबू नको.