शेळ्यांच्या पोटातलं झाड

"गांजा कायदेशीर करून सरकारनं त्यावर देखरेख ठेवावी का?" पडेगावच्या पारावर वही उघडून बसलेल्या अनोळखी पोरीनं विचारलं.

"नाय बुवा!" नानासाहेबांनी आधी तोंड उघडलं. "गांजा म्हंजे समाजाला लागलेली कीड." त्यांच्या आईच्या गुडघ्यावर रोज त्याच पाल्याचा लेप बसतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण गळ्यात ओळखपत्र, खांद्याला खाकी पिशवी लावून आलेल्या माणसाला खरं सांगायला गल्ली काही खुळी नव्हती.

म्हाळसाबाईंनीही मान हलवली. "बंद हाय त्येच बरं, माय." आणि पदर सावरत त्या घराकडे निघाल्या. पोरगी पोलिसांचीच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

घरामागं तुरीच्या ओळीत त्यांचं गांज्याचं एकच झाड होतं, नवऱ्यासाठी लावलेलं. नवऱ्याचं नाव मल्हारराव. जोडी देवाची, बाणाई तेवढी कमी, असं लोक चिडवायचे. जन्मभर शेळ्यामेंढ्यांमागं हिंडलेल्या या माणसाच्या हाडांत आता कॅन्सर उतरला होता. दवाखान्याच्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. पाला तुपात परतून बोटभर चाटवला, की दोन घास खाली जायचे आणि डोळा लागायचा.

धनगराला काही लपवायचं म्हटलं की जागा एकच ठाऊक, जनावराचं पोट. म्हाळसाबाईंनी झाड मुळासकट उपटलं आणि शेळ्यांपुढं टाकलं.

"म्हाळसे, आज पाला नाय व्हय?" मल्हाररावांनी खाटेवरून विचारलं.

"शेळ्यांनी खाल्ला."

"चैन हाय शेळ्यांची," ते म्हणाले आणि दुखणं दाबत भिंतीकडे वळले. म्हाळसाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तीच पोरगी, लक्ष्मी, पाणी मागायला दारात उभी! अंगणात शेळ्या पाय ताणून पडलेल्या. एक तेवढी उभी होती, ती भिंतीला हनुवटी टेकून भिंतीकडेच मायेनं बघत होती.

"मावशी, शेळ्यांना काय झालंय?"

"ऊन लागलं." दिवस पौषाचे होते.

लक्ष्मी खळखळून हसली. तेवढ्यात आतून कण्हणं आलं आणि तिचं हसू विरलं. म्हाळसाबाईंचा बांध फुटला. "व्हय, मीच लावलं व्हतं झाड. चल, ने मला ठाण्यावर. पन ह्यांच्या दुखण्याचं काय करू, त्ये आधी सांग!"

"अहो मावशी, मी पोलीस नाही. विद्यापीठात शिकते. लोकांना काय वाटतं, तेवढंच विचारत फिरते."

म्हाळसाबाईंनी पाय ताणून पडलेल्या शेळ्यांकडे पाहिलं. "मंग झाड उगंच उपटलं व्हय मी?"

"याचंच औषध वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. कायद्यानं. शहागंजात आहेत एक वैद्य. दवाखान्याचे कागद घ्या आणि बसा स्कूटरवर मागं."

वैद्याकडून औषध घेऊन येताना छावणीजवळ हवालदारानं स्कूटर अडवली. त्यानं काही विचारायच्या आतच म्हाळसाबाईंनी बाटली पुढं केली. "गांज्याचं औषध हाय, साहेब. चिठ्ठी बी हाय."

हवालदारानं चिठ्ठी वाचली, बाटलीवरचा शिक्का पाहिला. "जावा, आजी. हेल्मेट घालत जावा." कुरणात शेळी शिरली तरी वर्दीपुढं हात जोडत म्हाळसाबाईंचं आयुष्य गेलं होतं. आज पहिल्यांदाच छातीवरचा धोंडा उतरला आणि भर रस्त्यात त्यांना रडू आलं.

चार दिवसांनी लक्ष्मी पुन्हा पारावर आली, तेव्हा म्हाळसाबाई तिच्यासमोर येऊन बसल्या.

"माझा जबाब बदल. असं शिक्का मारून, वैद्याला इचारून, उजळ माथ्यानं मिळत आसंल, तर व्हय. नाव लिही."

"नाव लागत नाही, मावशी."

"मला लागतंय. म्हाळसाबाई मल्हारराव, पडेगाव."

मग नानासाहेब खाकरले. "आमच्या आईचं बी व्हय लिही... आन् माझं बी."

म्हाळसाबाई घरी आल्या. मल्हाररावांची हाडं काही बरी होणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आज ते अर्धी भाकरी खाऊन तोंड उघडं टाकून झोपले होते, अगदी रानात झाडाखाली झोपायचे तसे. चाऱ्याची वेळ झाली म्हणून दारातल्या शेळीनं मान वर करून हाळी दिली.

"गप गं," म्हाळसाबाई तिच्या तोंडावर हात ठेवत पुटपुटल्या. "मालक निजल्यात."